तिसरी मेंढी

रीथच्या सभागृहात पोचले तेव्हा
हिल्डा पीकॉक एकटीच खुर्च्या मांडत होती.
तिकीट तीन पौंड, चहा त्यातच,
बिस्किटं ज्याची त्याने डब्यातून घ्यायची.
प्रोजेक्टरच्या बुडाशी प्रार्थनेच्या जुन्या पुस्तकांची चळत.
"निम्म्या घरांत आता शनिवारपुरतेच दिवे लागतात," ती म्हणाली,
"याहून जास्त माणसं फक्त मयतीला जमतात."
मी मोजली. सतरा माणसं, एक कुत्रं.

फिल्म माझी नाही. मी नुसती सबटायटलं लिहिली.
म्हणजे माणदेशातला धुळा कोळेकर जे बोलला
ते इंग्रजीत करून पडद्याच्या तळाशी बसवलं,
एका ओळीत चाळीसच अक्षरं, असा नियम.
वाघूर होती, तिची साधी जाळी झाली.
'वाडा हलला' म्हणाला, मी लिहिलं, आम्ही निघालो.
'मेंढरं बसवली' यावर अख्खी दुपार गेली,
शेवटी 'रात्री शेतात मुक्काम' लिहून हात झटकले.

दिवे गेले. माळ आला.
माळावर पवनचक्क्या, त्यांच्याभोवती तारेचं कुंपण,
पलीकडे ठिबकवरचा ऊस,
आणि मधे उरलेल्या, गाडीवाट म्हणावी एवढ्याशा पट्टीतून
तीनशे मेंढरं, एकीच्या शेपटीला दुसरीचं तोंड.

मग धुळा हाक देतो.
जिभेच्या मुळाशी एक टाळी, मग लांब हुर्रर्र,
शेवटाला आत ओढलेला श्वास.
तिथे तळाला काहीच नाही.
स्टुडिओत विचारलं होतं, इथे काय टाकायचं?
मी म्हटलं, रिकामं ठेवा, छान वाटेल.
खरं तर सुचलं नव्हतं.

आणि रीथमध्ये कुत्रं उठलं.
चहाच्या टेबलाखालून निघालं, पोट जमिनीला लावून,
पडद्याच्या डाव्या कडेने वळसा घालायला लागलं.
कुणीतरी हसलं. "मॉस, इकडे ये," मालक पुटपुटला.
मॉस आला नाही.
कळपाचं शेवटचं मेंढरू चौकटीबाहेर जाईपर्यंत
तिथेच दबा धरून राहिला, कामावर असल्यासारखा.

नंतर नेहमीचे प्रश्न.
सरकार काय करतं, मुलं शाळेत जातात का,
एका बाईंना घोंगडी विकत हवी होती.
मग मॉसचा मालक, एडविन ऑल्डरसन,
टोपी गुडघ्यावर, हात वर न करताच म्हणाला,
"कुंपणाजवळची तिसरी.
पुढच्या डाव्या पायाने लंगडत होती.
तिचं पुढे काय झालं?"

ते दृश्य मी दोनशे वेळा तरी पाहिलंय,
सेकंदाचे तुकडे पाडून, मागे-पुढे करून.
तिसरी मेंढी मला माहीत नव्हती.

रात्री खानावळीच्या जिन्यात रेंज मिळाली.
तिकडे दोन वाजलेले. पण ती लांडग्याची वेळ,
धुळा जागाच असतो.
"कंची? तारंपाशी? व्हय, खुरात रुतली हुती तार.
उपसली, हळद-तेल भरलं. दिवाळीला व्याली की.
कोण इचारतंय?"
सांगितलं.
बराच वेळ नुसता वारा,
आणि वाऱ्यात त्या पात्यांची घूं घूं.
"पडद्यावर बघून वळखलं?"
मग थोड्या वेळाने,
"त्येच्याकडं किती हायती?"

सकाळी दगडी बांधापाशी
ऑल्डरसनने खुराचं सगळं ऐकून घेतलं,
हळदीचं दोनदा विचारलं.
मग मी धुळाचा प्रश्न पुढे केला.
तो लगेच बोलला नाही.
वर डोंगराकडे तोंड केलं,
ओठ हलायला लागले.
मॉस आधीच निघाला होता.